तिसरी शाल

श्रीलक्ष्मी : शाल ठेवा तिकडं. पाकीट कुठंय?

सुधींद्र : पाकीट नाही. शाल, हार आणि फळांची करंडी. परशुरामअण्णांनी कोप्पीकर रोडच्या ऑफिसात सगळ्यांना बोलावून सत्कार केला. फोटोही काढले.

श्रीलक्ष्मी : चार महिने खपून त्यांच्या पंपांच्या कारखान्याची घडी बसवलीत, आणि हातात सफरचंदं? उद्या चारच्या आत आपल्या योगिताची कॉलेजची फी भरली नाही तर तिची सीट जाते. कळतंय ना तुम्हाला?

सुधींद्र : कळतंय गं.

श्रीलक्ष्मी : काम धरताना किती ठरलं होतं?

सुधींद्र : त्यांनी विचारलं होतं. मी कानडीत म्हटलं, निमग तिळिदष्टु कोड्री. तुम्हाला वाटेल तेवढं, समजून द्या.

श्रीलक्ष्मी : मग दिली की समजून. नोकरी सोडून सल्लागार झालात, तेव्हापासून कपाटात शाली तीन झाल्या आणि माझ्या पाटल्या गेल्या.

सुधींद्र : मला तोंडानं आकडा सांगता येत नाही. अप्पांनी उभ्या जन्मात कुणापाशी दक्षिणा मागितली नाही. त्या घरात वाढलोय मी.

बाळाचार्य : कोण म्हणतं मागितली नाही?

सुधींद्र : अप्पा, तुम्ही पडला होतात ना आत?

बाळाचार्य : या घरात डोळा लागतोय कुणाचा? सुधी, मी यजमानांना पूजेची यादी पाठवायचो, आठवतंय?

सुधींद्र : मीच तर नेऊन द्यायचो केशवापुरात. हळद, कुंकू, नारळ पाच.

बाळाचार्य : शेवटची ओळ वाचलीस कधी?

सुधींद्र : घडी घालून द्यायचात तुम्ही.

बाळाचार्य : शेवटी दक्षिणा असायची, आकड्यात. निम्मी आधी. ती आल्याशिवाय मी चौरंग मांडत नव्हतो. तुम्ही चौघं भावंडं काय शालींवर वाढलात होय?

सुधींद्र : मग मला कधी सांगितलं का नाहीत?

बाळाचार्य : लाज वाटायची. पोरानं बापाला मागताना बघू नये, असं वाटायचं. चुकलं माझं.

श्रीलक्ष्मी : पण मामंजी, यांनी कामाचा अहवाल कालच देऊन टाकलाय. त्यांचं आता आपल्यावाचून काय अडलंय?

बाळाचार्य : काही अडलं नाही. देतील, न देतील. तरी मागायचं. कागद घे, सुधी. केलंस ते एकेक लिही.

सुधींद्र : (लिहून झाल्यावर, फोनवर) नमस्कार, परशुरामअण्णा. हो, पोचलो घरी. फळं गोड आहेत. अण्णा, एक यादी पाठवतोय. शेवटची ओळ तेवढी आधी वाचा.