सुईणीची भाषा

डोळ्यांच्या दवाखान्यात सिस्टर एकेका पेशंटच्या डोळ्यांत थेंब घालत होत्या. बाकावर एक म्हातारी फोनवर आपल्या भाषेत मोकळेपणी बोलत होती. तिची मुलगी कानाशी लागली.

“आई, फोन ठेव. लोक बघतायत.”

“मावशी आहे गं. तिला इथली भाषा कुठे येते?”

“मग घरी गेल्यावर बोल. परवा बसमध्ये तो माणूस काय म्हणाला, विसरलीस? तुमच्या देशात परत जा म्हणाला.”

“वय काय असेल त्याचं?”

“असेल तिशीचा. त्याचं काय?”

“मग माझ्याच हातावर जन्मला असेल. इथली सुईण होते मी. पोर हातात आलं की आधी माझ्या भाषेत बोलायचे त्याच्याशी, मग आईकडे द्यायचे.”

“हे कुणाला सांगत बसू नकोस.”

सिस्टर बाटली घेऊन म्हातारीपुढे आल्या. अकरा वर्षांत त्यांची भाषा कोणती, हे इथे कुणाला कळलं नव्हतं.

“मान वर करा, आजी. थोडं झोंबेल,” त्या शब्द आठवत म्हणाल्या, म्हातारीच्याच भाषेत.

मुलीने चटकन डॉक्टरांच्या उघड्या दाराकडे पाहिलं.

“कधीपासून बोलली नाहीस गं?” म्हातारीने विचारलं.

“आई गेल्यापासून.”