भिलाईले उतरायचं कुठं?

“हॅलो? …हो, भावनाच बोलून राहिली. जय भीम ताई! …नाही नाही, झोपेत कशाले, केव्हाचीच उठली. …हो, चहा झाला. तुमचा? …हं. …हं. …कोण म्हटलं?”

भावनानं गॅस बारीक केला. कढईत पोहे होते, पण आता पोह्यांकडे कोण बघतं! भिलाईहून जयाताईचा फोन होता, आणि नणंदेचा फोन सकाळी सकाळी येतो तो काही हवापाणी विचारायला नाही, हे तिला लग्न झाल्यापासून ठाऊक होतं.

“…विक्की म्हटलं? …प्रीतीनं त्याले विचारलं? …भिलाईतलं चांगलं हॉटेल कोणतं म्हणून? …आता काय सांगू ताई, आजकालची पोरं…”

तिनं मनातल्या मनात पोरीच्या नावानं बोटं मोडली. पुण्यात बसून आईबापाच्या प्रवासाचं सगळं बुकिंग मोबाइलवर करणारी ही हुशार मुलगी, आणि भिलाईतलं हॉटेल विचारायला गेली कुणाला, तर जयाताईच्याच मुलाला! वर म्हणाली असणार, ‘आत्याला सांगू नको हं.’ विक्कीनं सांगितलं नसतं तरच नवल.

“अवं ताई, ऐका ना… …हो, येऊन राहिलो ना. आधी भिलाई, मंग जगदलपूर, तिकडून डोंगरातल्या गाडीनं अराकू, अन् शेवटी विशाखापट्टणम. …तुमच्या भावाले समुद्र पाहायचा आहे. …हो, निघून राहिले एकदाचे घरातून. …लपूनछपून कशाले येऊ ताई? तुमाले भेटल्याबिगर कसं जाऊ? …हो ना, भेटाले. …मुक्काम? …मुक्काम… हॉटेलात.”

आणि मग फोन कानापासून चार बोटं दूर धरावा लागला.

जयाताईचा राग काही खोटा नव्हता. या घराण्यात हॉटेलात उतरणं कुणाला माहीतच नव्हतं. भोपाळला गेले तर मामेसासऱ्यांकडे, बुद्धगयेला गेले तर विहारात, आणि जिथं सख्खं कुणी नाही तिथं कुणाच्या तरी जावयाचा भाऊ निघायचाच. त्याच्या दारात बॅगा ठेवल्या की झालं. आणि इथं तर गावात सख्खी मोठी बहीण! भाऊ गावात येतो आणि पैसे मोजून परक्याच्या गादीवर झोपतो, म्हणजे बहिणीच्या तोंडावर दार आपटल्यासारखंच की!

“…ऐकून राहिली मी. …बोला ना. …नाही ताई, तुमच्या घरात काय कमी आहे, असं कोण म्हटलं?”

भावनानं हळूच बाल्कनीकडे पाहिलं. रुपराव खुर्चीत बसून पेपर वाचत होते, म्हणजे वाचायचं सोंग करत होते. मघापासून पान उलटलं नव्हतं.

हा माणूस नोकरीभर रेल्वेच्या डाकेच्या डब्यात फिरला. पत्रं छाटत, थैल्या भरत देश पालथा घातला, आणि पाहिलं काय, तर फलाट. रिटायर झालो की बायकोला घेऊन सगळं नीट बघायचं, असं ठरवलं होतं. तेवढ्यात आतड्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण डॉक्टरांनी खालचा रस्ता कायमचा बंद केला आणि पोटावर एक पिशवी लावून दिली. आता सगळं त्या पिशवीत. नातेवाइकांना ठाऊक एवढंच, की गाठ होती आणि ती काढली. पिशवीचं डॉक्टर, भावना आणि प्रीती सोडून कुणालाच माहीत नव्हतं.

तेव्हापासून रुपराव दवाखाना सोडून बेसा वस्तीतल्या त्या फ्लॅटबाहेर पडले नव्हते. ना विहारात, ना लग्नकार्यात. आता कुठं प्रवासाला हो म्हणाले होते, तेही दोन अटींवर. कुणाच्या घरी उतरायचं नाही, आणि कुणाला सांगायचं नाही. यातलं एक जरी मोडलं तर मी येत नाही, म्हणाले. भावनाला नवऱ्याचा स्वभाव पुरता माहीत होता. या वेळी बसून राहिला तर हा माणूस त्या खुर्चीतून पुन्हा उठायचा नाही, याची तिला भीती वाटत होती.

“…हो ताई, आहे माह्या ध्यानात. तुमच्या करिष्माच्या लग्नाले मामा नव्हता. …तब्येत बरी नव्हती ना तवा. …हो, आता बरी आहे. …आता बरी आहे तर घरी काहून नाही? …ते… गुडघे. त्यांचे गुडघे दुखते. तुमच्याकडं जिना… …खालची खोली रिकामी केली? केव्हा? …आज सकाळी? विक्कीचा पलंग कुठं टाकला मंग? …अवं ताई, त्या लेकराले कशाले उठवलं!”

झालं! एक बहाणा गेला.

“…कूलर? …नवीन कूलर आणला? …नाही, गरमीचं काही नाही. …नाही ताई, जेवणाचं बी काही नाही. तुमच्या हातचं त्यांले किती आवडते… …संडास? संडासाचं काय? …विक्कीनं ते बी सांगितलं?”

भावनानं कपाळावर हात मारून घेतला. कारण प्रीती हॉटेलं शोधत होती हे खरं, पण प्रत्येक हॉटेलात फोन करून विचारायचं काम भावनाचं होतं. संडास खोलीलाच लागून आहे का, पाण्याचा फवारा आहे का, भिंतीला खुंटी आहे का, आतून कडी नीट लागते का. जगदलपूरकडचा तो मॅनेजर कौतुकानं सांगत होता, मॅडम, आमच्या खिडकीतून थेट धबधबा दिसतो. भावना म्हणाली, धबधबा राहू द्या भाऊ, नळाले पाणी किती वेळ राहते ते सांगा. अराकूला एका आदिवासी कुटुंबाकडे राहायची सोय होती. लाकडी घर, समोर कॉफीचे मळे, फोटो पाहून तिचा जीव हरखला होता. पण संडास अंगणापलीकडे. सोडून दिलं. आणि भिलाईतल्या हॉटेलाला हे सगळं विचारायचं काम प्रीतीनं विक्कीवर टाकलेलं दिसत होतं. शाबास ग माझ्या बाई!

“…अहो, आता वय झालं आमचं. बाथरूम चांगलं लागते… …नाही, तुमचं खराब आहे असं नाही म्हटलं मी! …हो, फरशी लावली, माहीत आहे. …ताई, तुमच्या घरी माणसं किती, अन् बाथरूम एक… …बाकीचे शेजारी जातील? दोन दिवस? …अवं माय, असं कुठं असते काय!”

तिला हसू आलं आणि रडूही. जयाताई सगळं घर शेजाऱ्यांच्या न्हाणीत पाठवायला तयार होती. अशा बाईला नाही म्हणायचं तरी कोणत्या तोंडानं?

“…जगदलपूरले? …करिष्माच्या दिराचं घर आहे? …अन् विशाखापट्टणमले? …तुमच्या शेजारणीचा मुलगा? ताई, आम्ही त्याले पाहिलं बी नाही कधी! …त्याचं बी बोलणं झालं? …सकाळपासून किती फोन केले हो तुम्ही? …नाही, उपकार कसले… …ताई, ऐका. ऐका ना. …आम्ही हॉटेलातच राहू. …सगळीकडं. …कोणी ठरवलं म्हणजे?”

इथं भावना थांबली. तिनं पदरानं कपाळ पुसलं. बाल्कनीतला पेपर जरा खाली झाला होता.

“…मीच ठरवलं.

…हो, मीच. त्यांचं काही नाही. ते तर म्हणत होते ताईकडंच उतरू. मीच नाही म्हटलं. …काहून म्हणजे… मले नाही वाटत आता कोणाच्या ओट्यापाशी उभं राहावंसं. कुठंबी जा, पहिल्या दिवशी पाहुणी अन् दुसऱ्या दिवशी हातात लाटणं. भोपाळले एवढा मोठा तलाव, सारी दुनिया पाहून आली, अन् मी पोळ्या करत बसली. …एकदा तरी मले आयतं पाहिजे.”

बोलून झाल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. नवऱ्यावर पांघरूण घालायला खोटं बोलायला निघाली होती, पण शब्द कसे धडाधड आले! त्यातलं अर्धं तरी खरंच होतं, आणि कितीतरी वर्षं आत साचलेलं होतं. पण जयाताईला यातलं काय कळणार? तिच्या कानावर एवढंच पडलं, की भावजयीला आपलं घर नको.

“…हं. …हं. …हो ताई, शिकलेली आहे, म्हणून काय झालं? …नाही, घमेंड नाही. …बरं, आहे घमेंड. …मी तोडलं? …लग्नाले बी मीच येऊ नाही दिलं? …हो. …हो ताई, मीच. …म्हणा. काय म्हणायचं ते म्हणा. …नाही, रडून नाही राहिली मी. …त्यांच्या पेन्शनीवर? …म्हणा तुम्ही, ऐकून राहिली…”

आता मात्र तिला रडू फुटलं. दवाखान्यात नवऱ्याच्या उशाशी रात्री काढल्या, पहिल्यांदा पिशवी बदलताना त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं तेव्हा ‘यात काय झालं’ म्हणत हसून दाखवलं, आणि आज ऐकून काय घ्यायचं, तर तू माझ्या भावाला तोडलंस! तिला ताईचा राग आला, प्रीतीचा आला, आणि सगळ्यात जास्त बाल्कनीत बसलेल्या त्या माणसाचा आला.

खुर्ची करकरली. रुपराव दारात उभे होते. त्यांनाही फोनची ही एकच बाजू ऐकू येत होती, पण तेवढी पुरली होती. त्यांनी हात पुढे केला. भावनानं मान हलवली, नको म्हणून. त्यांनी फोन तिच्या हातातून काढूनच घेतला.

“ताई, मी रुपराव.

…थांब. थांब जरा, मले बोलू दे. …तिचं काही नाही त्यात. तिनं मले कुठंच अडवलं नाही. …ताई, माह्या पोटावर पिशवी आहे.

…पिशवी. संडासाची. …हो. ऑपरेशन झालं तवापासून. …नाही, निघत नाही ते. कायमची आहे. …कोणालेच नाही सांगितलं. तुलेच काय, कोणालेच नाही. …लाज वाटे. अजून वाटते. …वास येते ताई कधी कधी. अन् आवाज होते, जेवता जेवता, मले रोकता येत नाही. तुह्या घरी लहान लेकरं. ते हसतील, अन् तू त्यांले रागावशील, अन् मी मान खाली घालून जेवीन. म्हणून म्हटलं, हॉटेल बरं. …ताई? …हॅलो? …आहे ना?”

रुपराव फोन कानाला दाबून उभे होते. भावनानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

“…कोण? …तूच. …हो, तूच धुवत होती. …माय कामावर जाये, अन् तू मले कडेवर घेऊन नळावर नेत होती. …हो, शाळा बी बुडे तुही. …पण ताई, तवा मी लहान होतो ना.”

भावनानं ऑपरेशनपासूनच्या दीड वर्षात या माणसाला रडताना पाहिलं नव्हतं, ते आज पाहिलं.

“…अजूनही लहानच काय? …बरं. …बरं ताई. …नाही, तू रडू नको. तू रडशील तर मी बी… …सांग सगळ्यांले. हो, विक्कीले बी सांग, करिष्माले बी सांग. तूच सांग. एकदाच सांगून टाक, मले नको सांगाले लावू. …पण ताई, घरी नको आग्रह करू. हात जोडतो तुह्यापुढं. मले त्या बाथरूममधी लय वेळ लागते. बाहेर कोणी ताटकळत उभं आहे म्हटलं की मले होत नाही ते काम. …हो. …समजलं ना तुले? …काय? …कोण येऊन राहिलं? …तू? …हॉटेलात?

…अवं, तुह्या गावात तू हॉटेलात झोपशील? लोक काय म्हणतील? …म्हणणाऱ्याच्या तोंडावर दार मारशील? …अन् भावजी? …ते जेवतील शेजारी! …ताई, तू बी ना…”

रुपराव हसत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसत होते. त्यांनी फोन भावनाकडे केला. “घे, तुले मागून राहिली.”

“…हॅलो. …हो ताई. …अवं, माफी कशाची? …मोठ्या आहात तुम्ही, तुमचा हक्कच आहे. …नाही, मी मनावर नाही घेतलं. …थोडंसं घेतलं. पेन्शनीचं तेवढं लागलं. …हो. …हो ताई, सोडलं. …पिशवी? मीच बदलत होती आधी, आता त्यांचे ते करते. …तुम्हाले शिकायचं आहे? …बरं, शिकवते. …नाही, मले काही नका आणू. …लाटणं घरीच ठेवून येता? …ताई, काय बोलता तुम्ही! …हॅलो? …हॅलो? …ताई?”

कटला. जयाताईच्या फोनची बॅटरी संपली असणार, सकाळपासून अर्ध्या देशाशी बोलणं झालं होतं. कढईतले पोहे खाली चांगलेच लागले होते. भावना ते खरवडायला वळली, तर मागून रुपरावांचा आवाज आला.

“प्रीतीले फोन लाव वं. भिलाईले दोन खोल्या पाहिजे म्हणाव. बाजूबाजूच्या.”