सोमवार-गुरुवारची फेरी

—न्हाई न्हाई भाबी, तिथं उन्हात नका बसू, हिकडं या लिंबाखाली, हे पोतं टाकलंय बगा — आनि तुमचे सासरे, चाचा, का गाडीतच बसलेत? पाय दुखत्यात? बरं, बसू द्या, नगरवरनं जामखेडला मोटारीनं, तिथनं खर्ड्यापतुर बैलगाडीत हादरून हादरून जीव गेला आसंल म्हाताऱ्याचा. पानी धाडलंय त्यास्नी. ती आमची रतन, मंडळी माजी, खळ्यावर मळनीची बैलं फिरवतीया — फिरवंल ती, आपुन बोलू. तर काय म्हनत हुता तुमी? शुक्रवारी निकाह? कादरसंगं? म्हंजे आपल्या नूरचा चुलतभाऊ कादर, तो बेकरीवाला? बरं झालं भाबी. चांगलं झालं. एकटीनं किती दिस काढायचे? आनि त्याच्या आदी एकदा माज्या तोंडून ऐकायचंय, की तुमचा नूरमहंमद कसा गेला. सरकारी कागदावर नुसती एक वळ हाय — समुद्रात बुडून मयत. व्हय. ठावं हाय मला ती वळ. मीच सांगितली ना ती सायबाला.

सांगतो. सगळं सांगतो. आमी दोघं फौजेच्या लॉरीवर हुतो, ह्ये तर तुमाला म्हाईतच हाय — नगरला एकाच दिवशी भरती झालो, एकाच लॉरीवर शिकलो, त्यो चालवायचा आनि मी शेजारी बसून शिव्या खायचो. मिसरच्या पल्याड वाळवंटात बेचाळीस साली जर्मन-इटलीवाल्यांनी हजारोंनी धरलं आमाला, तवा बी एकाच लॉरीतनं खाली उतरलो, हात वर करून. मंग बोटीनं इटलीला. तिथं आमचा कॅम्प समुद्राकडंला. पन समुद्र काय दिसायचा न्हाई हां — भवती काट्याच्या तारा, दुहेरी, त्याच्या म्होरं शेतं, आनि शेताच्या पल्याड ही एवढी दगडी भिंत. नुसता आवाज यायचा. मी पयल्यांदा इचारलं नूरला, ह्यो कसला रं आवाज, गिरनी हाय का जवळ? आसा हसला, आसा हसला — म्हनला, पुंजा, खर्ड्याच्या मान्सा, समुद्र हाय त्यो.

तर सोमवारी आनि गुरुवारी फिरायला न्यायचे आमाला. व्हय, फिरायला! कैदी झाले म्हनून काय झालं, पाय मोकळे करायला नगं? वीस जनं, दोन-दोनाच्या जोड्या. म्होरं एक शिपाई, मागं एक — मागचा म्हातारा हुता, अंजेलो नावाचा, बंदूक त्याला जड व्हायची. फाटकातनं निघालं की आदी टमाट्याची रानं, मंग गव्हाची, मदी पान्याचे चर, त्याच्यावर लाकडी फळ्या टाकलेल्या. बाया काम करायच्या, मान वर करून बगायच्या न्हाईत. मंग दगडी पायऱ्या चढून भिंतीवर जायचं — आनि भाबी, काय सांगू, वर गेलं की डोळं फिरायचं मानसाचं. ह्या अंगाला शेतं खाली, खोल, आनि त्या अंगाला समुद्र वर! खरंच वर. पानी वर आनि गहू खाली. मदी ती एवढी भिंत. मी म्हनायचो, नूर, ही भिंत फुटली तर रं? त्यो म्हनायचा, फुटली तर आपुन घरी. भिंतीवरनं कोसभर चालायचं, मंग एक देऊळ — त्यांचं देऊळ, घंटावालं — तिथनं खाली उतरून द्राक्षाच्या मळ्यातनं पुन्ना फाटक. दीड तास. सोपा रस्ता, कुटं चढ न्हाई, कुटं काटा न्हाई. निघालो तिथंच परत. फाटकात मोजायचे — वीस गेलते, वीस आले.

मला आवडायची ती फेरी. खोटं कशाला बोलू? सोमवार-गुरुवारची वाट बगायचो. नूरला न्हाई आवडायची. त्यो म्हनायचा, ह्ये आपल्याला घान्याचा बैल करत्यात पुंजा, बैलाला वाटतं लई लांब आलो. भिंतीवरनं चालताना त्यो समुद्राकडं न्हाई बगायचा, खाली बगायचा, दगडाकडं. मला वाटायचं तुमची आठवन येत आसंल. त्यो दगड मोजत हुता.

तर ते सप्टेंबर. त्रेचाळीस साल. इटलीवाल्यांनी हत्यार खाली ठेवलं म्हनून बातमी आली, आमी नाचलो, वाटलं सुटलो. कशाचं काय! म्होरल्या दिवशी कळलं की जर्मन येतायत, आगीनगाडीत घालून वर न्येनार सगळ्यांना, त्यांच्या मुलखात. गुरुवार हुता. शिपायांना बी काय कळंना, कुनाचं ऐकावं, कुनाचं न्हाई — तर म्हनले चला, फिरून या. शेवटची फेरी. आमी भिंतीवर चढलो, त्या दिवशी वारं हुतं, लाटा वरपतुर उडत हुत्या, अंगावर पानी येत हुतं — आनि जिथं भिंत वळती ना, म्होरच्या शिपायाला मागचं दिसत न्हाई, मागच्याला म्होरचं, तिथं नूर समुद्राच्या अंगाला उडी टाकून गेला. लाट आली. अंजेलोनं गोळी झाडली एक. मी वाकून पायलं. पानी हुतं नुसतं. संपलं भाबी. तरास न्हाई झाला त्याला. येवढंच. आता तुमी चार घास खा, रतननं भाकरी टाकल्यात—

काय? व्हय... पवता येत हुतं त्याला. मला म्हाईत हाय. बावीच्या काठावरनं मुटका मारायचा? सांगितलंय त्यानं मला बी. पन भाबी, समुद्र येगळा, बाव येगळी. आनि दगड. आनि वारं. चांगला पवनारा बी — भाबी, माज्याकडं आसं बगू नका. आसं नका बगू. मी का खोटं बोलीन? माजा काय फायदा त्यात?

हळू. रतन ऐकती. तिला बी म्हाईत न्हाई.

आमी दोघं जानार हुतो. दोघं. त्यानं चार म्हैने सगळं बगून ठेवलं हुतं — त्या वळनाला भिंतीच्या भाईर मोठमोठं दगड टाकल्यात, लाटंचा मार बसू नये म्हनून, आनि दोन दगडाच्या मदी घळ हाय, दोन मानसं मावतील येवढी. तिथं अंधार पडस्तवर दडायचं, मंग काठाकाठानं दक्षिनंला चालायचं, तिकडनं इंग्रज येत हुतेच. टमाट्याच्या रानातल्या एका बाईनं जुने कपडे द्यायचं कबूल केलतं. मला म्हनला, पुंजा, मी एक म्हनलं की तू दोन म्हन, आनि उडी. मी म्हनलं, व्हय. रोज म्हनलं, व्हय. त्यानं एक म्हनलं भाबी. आनि उडी टाकली. आनि माज्या तोंडातनं दोन निघालंच न्हाई.

पाय उचलंना. काय सांगू तुमाला, कसं सांगू — कुनी धरलं नव्हतं, तार नव्हती, समोर मोकळं पानी, मागं म्हातारा शिपाई — आनि माज्या मनात काय आलं म्हाईत हाय? पाच वाजता पाव भेटतो, आपुन न्हाई गेलो तर आपला पाव दुसरा कुनी खाईल. ह्ये आलं मनात. वरसभर तारंत ऱ्हाऊन तीच माजी शीव झाली हुती, तिच्या भाईर मला जग दिसंना. मी हुबा ऱ्हायलो. आनि हुबा ऱ्हायलो म्हनूनच अंजेलो थांबला. मी चालत ऱ्हायलो आसतो ना, तर त्याला फाटकापतुर कळलं नसतं. त्यानं माज्याकडं पायलं, शेजारची मोकळी जागा पायली, आनि हातानं इचारलं — कुटं?

मी वाकून पायलं. हुता नूर. घळीत, पाठ दगडाला टेकून, कमरंपतुर भिजलेला. बुडाला न्हाई भाबी. चांगला जिता हुता. वर बगत हुता माज्याकडं, आनि मला वाटलं आता हात जोडंल, गप ऱ्हा म्हनंल — तसं न्हाई. हात म्होरं केला त्यानं. आसा. अजून बी चल म्हनून. अजून बी!

त्यांच्या बोलीत समुद्राला मारे म्हनत्यात. मी पान्याकडं बोट केलं आनि म्हनलं, मारे. म्हाताऱ्यानं पान्यात एक गोळी झाडली, मेलेल्यासाठी करत्यात तसा छातीवर बोटांनी क्रूस काढला, आनि मला म्होरं ढकललं. मी चाललो. देवळापतुर, मळ्यातनं, फाटकापतुर. एकोनीस मोजले.

त्याला वाचवायला बोललो, ह्ये खरं हाय. पन आजून एक खरं हाय — तो बुडाला म्हनलं की मला कुनी इचारनार नव्हतं, तू का न्हाई गेलास? दुसऱ्या दिशी आगीनगाडीत घातलं आमाला. पावनेदोन वर्सं जर्मनीत काढली. सुटलो तवा आपला गोरा सायब टेबलापाशी बसून इचारत हुता — हा कुटं, तो कुटं. तवा कशाला लपवायचं हुतं? नूरला कसलं भ्या हुतं तवा? पन तोंड उघडलं आनि तेच निघालं. बुडाला सायब. माज्या डोळ्यादेखत. त्यानं लिवून घेतलं, मी सही केली. मला म्हाईत नव्हतं भाबी त्यो कागद नगरला तुमच्या दारात येईल — न्हाई, म्हाईत हुतं. येनारच की. दुसरीकडं कुटं जाईल?

आता कुटं हाय त्यो, ते मला ठावं न्हाई. आईच्यान न्हाई. काही जनं तसे पळून इंग्रजांना जाऊन भेटले, घरी बी आले. त्यो आला न्हाई. तिथं गोळी लागली आसंल, थंडीनं गेला आसंल, कुन्या शेतकऱ्याच्या घरी ऱ्हायला आसंल... मी रोज एक एक धरतो आनि सोडतो. सांजच्याला ह्याच रानाच्या बांधानं फिरतो, शिवंपतुर जातो आनि मागं वळतो. रतन हसती, म्हनती रान पळून जातंय का? खर्ड्याच्या बाजाराला बी तीच जाती. मी न्हाई जात.

न्हाई, तुमचं नाव न्हाई घेतलं त्यानं. एकच म्हनला — एक. तुमाला बरं वाटावं म्हनून सांगितलं आसतं घेतलं म्हनून, पन आता न्हाई सांगवत.

भाबी, ऐका. बसा. कुटं निघाला? हे बगा, माजं काय बी ऐकू नका, मी तारंतनं आलेला मानूस, डोकं ठिकान्यावर नस्तं माजं. कागद खरा हाय. सरकारचा शिक्का हाय त्याच्यावर. शुक्रवारी निकाह व्हऊ द्या, कादर चांगला पोरगा हाय, तुमी किती दिस — तीन वर्सं तुमी — भाबी, चाचांना नका सांगू. मी पाया पडतो. म्हातारा मानूस हाय, त्यानं रडून घेतलंय एकदा, पुन्ना त्याला आशा नका लावू. भाबी! आवो, थांबा... सांगितलं. सांगितलं तिनं.

उतरायला लागला म्हातारा गाडीतनं. धरा कुनीतरी त्याला.

रतन, ये तू बी हिकडं. न्हाई, पानी नगं. तू नुसती हुबी ऱ्हा हितं.

या चाचा. हळू, हितं ढेकळं हायत. न्हाई, मी बसत न्हाई, तुमी बसा. मी हुबाच ऱ्हातो. इचारा.