शाळेवरचा पेंढा

पाड्यावरच्या जुन्या शाळेत शीतकरण यंत्रणा बसवल्यामुळे वर्ग गार झाले, असे शासकीय पत्रक सांगते. त्या यंत्रणेला वीजजोडणीच मिळालेली नाही, एवढा किरकोळ तपशील नोंदवण्याची गरज पत्रकाला भासली नाही. सायवनच्या एसटीत प्राध्यापिका मयुरा ते वाचत होत्या. त्यात छायाचित्र झळकलेले अभियंता विपुल पुढच्याच बाकावर होते; मागे पाड्यावरची सरिता आणि तिची आत्या बायजी बोलत होत्या.

“आत्या, साहेबांनी कौलं काढून पत्रा घातला नि पोरं भाजून निघाली.”

“म्हणून तर घरटी एकेक भारा पेंढा आणला. आपल्या घरावर घालतो तसा शाळेवर घातला. आता पोरं दुपारी घरी यायला मागत नाहीत!”

“पण साहेब म्हणतात, पेंढा उतरवा. नियमात बसत नाही.”

“साहेब पुढंच बसलेत. विचारते. काय हो साहेब, तुमचं यंत्र चाललं का?”

विपुल मागे वळले. मयुरांनी त्यांचे उत्तर पत्रकाच्या समासात जसेच्या तसे उतरवले:

“यंत्र बंदच आहे, मावशी. पेंढा उतरवायचा हुकूम घेऊन परवा आलो होतो, पण भर दुपारी तुमच्या पेंढ्याखाली वर्गात बसलो आणि मला झोप लागली.”