वीस हजार खुर्च्या

नको, नको, खुर्ची नको! उभाच बरा आहे मी. खुर्ची म्हटलं ना, की हल्ली दोन पावलं मागेच सरतो मी... तुम्ही बसा, निवांत बसा, तुमचं काय जातंय, तुमचं दुकान थोडंच पणाला लागलंय! माझं लागलंय! आठ बाय दहाचं, घड्याळदुरुस्तीचं, बत्तीस वर्षं मान वाकडी करून चालवलेलं दुकान, आणि ते कशापायी? तर आमच्या फुटबॉल क्लबला नवं स्टेडियम हवंय! वीस हजार खुर्च्यांचं! अहो, पण बसणार कोण?

हा प्रश्न माझा नाही बरं का, बायकोचा. मी क्लबचा मानद खजिनदार. मानद म्हणजे पगार नाही, शिव्या मात्र पूर्ण. तर अध्यक्षांनी दिलेला नकाशा मी घरी आणला, जेवणाच्या टेबलावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या आणि म्हटलं, "हे बघ!" तिनं चष्मा लावला, बघितलं, चष्मा काढला. "छान आहे. पण बसणार कोण?" झालं! एवढं बोलून तिनं वाट्या उचलल्या आणि नकाशा आपला आपण गुंडाळला गेला.

आता तुम्हाला सांगतो, सध्या आमच्याकडे आहे काय? एक लाकडी स्टँड. वर पत्रा, खाली अकराशे जागा, बाकीच्यांनी मैदानाच्या कडेनं उभं राहायचं. त्यातली तिसऱ्या रांगेतली, खांबामागची जागा माझी. एकतीस वर्षं माझी! खांब असा नेमका मध्ये येतो, की डावीकडचा गोल दिसतच नाही. त्या बाजूला गोल झालेला मी आजवर फक्त ऐकलाय. पण सवय झाली हो... शेजारचा सांगतो, "गेला!" की मी टाळ्या वाजवतो. एकदोनदा आपल्यावरच झालेल्या गोलाला वाजवल्या, ते सोडा.

अध्यक्ष म्हणजे उत्साहाचा नुसता कुकर. कधी शिट्टी होईल सांगता येत नाही. मला म्हणतात, (आवाज बघा हं) "खजिनदारसाहेब! एका मॅचला अडतीसशे माणूस येतं आपल्याकडे! जुन्या, गळक्या पत्र्याखाली अडतीसशे, तर नव्या स्टेडियमात किती येतील? मनात आणा! मनात आणा जरा!" मी मनात आणलं. मनात माझं दुकान आलं. कारण बँक म्हणाली, कर्ज हवं तर मैदान तारण द्याच, शिवाय तीन पदाधिकारी वैयक्तिक जामीन राहा. अध्यक्षांची गोदामं पाच, एक गेलं तरी चार उरतात. सेक्रेटरींची सासुरवाडी भक्कम. माझं दुकान एक, आणि सासरे माझ्याकडेच राहतात!

पण अडतीसशे हा आकडा आला कुठून? इथे खरी गंमत आहे... गंमत कसली, डोक्याला ताप! आमच्या दारावर ते आडव्या दांड्यांचं फिरतं फाटक आहे. माणूस आत शिरला, दांडा फिरला, टक्, की वरच्या डबीत आकडा एकानं वाढतो. अकरा वर्षांपूर्वी ती डबी बंद पडली. आता गावात घड्याळजी कोण? मी! उघडली, आतली स्प्रिंग तुटलेली, तशी मिळेना, मग एका जुन्या गजराच्या घड्याळाची बसवली. आणि काय सांगू, पुढच्याच मॅचला गर्दी चौपट! सगळे म्हणाले, नव्या गोलकीपरचा पायगुण. डबी चालू केली म्हणून माझा सत्कार झाला. काय दिलं असेल सत्कारात? भिंतीवरचं घड्याळ! घड्याळजीला! तेही मागे पडणारं!

तुम्ही म्हणाल, अहो खजिनदार, तिकिटांचे पैसे किती माणसांचे जमत होते? साडेनऊशे! मग उरलेले? उरलेले फुकट पासवाले, असं मी धरून चाललो. मला वाटायचं अध्यक्ष पास वाटतात, अध्यक्षांना वाटायचं सेक्रेटरी वाटतात, सेक्रेटरींना वाटायचं मी वाटतो. विचारायचं कोणी? प्रत्येकानं आपापल्या मेव्हण्याला दोनचार दिलेच होते ना! त्यामुळे अकरा वर्षं सगळे एकमेकांकडे बघून नुसते हसत होतो. आणि मॅच चालू असताना माणसं मोजतं कोण?

तर त्या दिवशी... हाफटाइम झाला. आमचा चहावाला दाराबाहेर, मुतारीही दाराबाहेर, त्यामुळे हाफटाइमला सगळं पब्लिक बाहेर. मीही निघालो. फाटकातून बाहेर पडतोय, आणि माझ्या कानाशी... टक्! मी थबकलो. बाहेर जाताना टक् कसं? परत आत आलो. टक्. बाहेर गेलो. टक्. दारावरचे काका म्हणाले, "खजिनदार, पोट बिघडलंय का?" पोट नाही हो काका, आयुष्य बिघडलंय! गजराची स्प्रिंग ती, दोन्हीकडून चालते! येताना एक, चहाला जाताना दोन, चहा पिऊन येताना तीन, घरी जाताना चार. एका माणसाचे चार! अडतीसशे भागिले चार किती? साडेनऊशे! घाम फुटला मला, भर वाऱ्यात. वीस हजार खुर्च्या... अहो, बसणार कोण?

गप्प बसू शकलो असतो. पण गप्प बसलो असतो तर जामिनाच्या कागदावर सही करावी लागली असती, आणि तीन वर्षांनी बँकेच्या माणसाला दुकानाची किल्ली माझ्याच हातानं द्यावी लागली असती. क्लबच्या सभेत उभा राहिलो, सगळं सांगून टाकलं.  मागून एकजण ओरडला, "सत्काराचं घड्याळ परत घ्या!" अध्यक्ष लालबुंद. "खजिनदारसाहेब, तुम्ही शहराचा अपमान करताय! डबी दुरुस्त करा, पुढच्या मॅचला मोजू! तीन हजार आले तर?" आणि इथे माझ्या जिभेला काय झालं देव जाणे. मी छातीवर हात मारून म्हटलं, "तीन हजार आले तर मी स्वतः सही करतो, तिथल्या तिथे!" अहो, साडेनऊशेचे तीन हजार कुठून होणार? मी घरी शीळ घालत गेलो.

पण दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा, 'फक्त साडेनऊशे!' आणि शहराच्या वर्मी लागलं. कारण तुम्हाला सांगतो, आमच्याकडे मॅचला जातो असं सांगणारे हजारो! आमचा न्हावी गेली वीस वर्षं दाढी करता करता प्रत्येक मॅचचं वर्णन करतो, हातवाऱ्यांसकट, वस्तऱ्यासकट! आता साडेनऊशेच येतात म्हटल्यावर प्रत्येकाला वाटलं, आपली चोरी पकडली जाणार. आले की हो सगळे! न्हावी आला आणि मलाच विचारतो, "दार कुठल्या बाजूला आहे?"

मी दाराशी उभा. डबी नीट केलेली, एका बाजूनंच टक्. टक्, टक्, टक्... प्रत्येक टक् माझ्या काळजावर! मी, क्लबचा खजिनदार, लोकांना हात जोडतोय, "आत फार गर्दी आहे हो... खेळ काही खास नाही आज... तुमच्या गुडघ्यांना सोसणार नाही!" कुणी ऐकेल तर शपथ! आकडा तीन हजारावर गेला तसे अध्यक्ष शेजारी येऊन उभे राहिले. एका हातात कागद, एका हातात पेन. माझ्याकडे बघत पेनचं टोपण काढलं. शेवटचा आकडा चार हजार एकशे बारा.

म्हटलं, निदान आपल्या जागेवर जाऊन बसू, दोन मिनिटं दम खाऊ, मग करू सही. गर्दीतून वाट काढत, लोकांच्या पायांवर पाय देत तिसऱ्या रांगेत पोचलो. माझ्या जागेवर कुणीतरी बसलेलं! बघतो तर कोण? बायको! एकतीस वर्षांत जिनं मैदानाचं तोंड पाहिलं नाही ती बायको, मांडीवर डबा ठेवून! मी म्हटलं, "अगं, तू? इथे?"

"पेपरात नवऱ्याचं नाव छापून आलं, म्हटलं बघावं तरी. अहो, पण हा खांब मध्येच आहे की! डावीकडचं काही दिसत नाही!"

"एकतीस वर्षं मलाही दिसलेलं नाही."

"मग बोलला नाहीत ते कधी! त्या नकाशात खांब नव्हते ना?"

"नव्हते."

"मग करून टाका की सही! असे उभे काय राहिलात?"

मी म्हटलं, "अगं, बसू कुठे?"

केली सही. अध्यक्षांच्या पाठीवर कागद ठेवून, उभ्यानंच. तेवढ्यात पलीकडे काहीतरी झालं आणि सगळे ओरडले, "गेला!" मी टाळ्या वाजवल्या. आमच्यावरच होता.