केसपेपरवरचं नाव

वसईच्या मनोविकारतज्ज्ञाकडे मी पीसीओवरून नंबर लावून बसले होते. शेजारच्या बाईंनी डोक्यावरून पदर घेतला होता. तेवढ्यात दुसऱ्या एक बाई आत आल्या.

"अगंबाई, परुळेकरवहिनी! तुम्ही इथे?"

"गवाणकरवहिनी! मी आपली पंख्याखाली टेकले. दातांच्या डॉक्टरकडे आले होते."

"दातांचा तर फुलपाड्यात आपल्या बिल्डिंगखालीच आहे."

"त्याचा हात जड आहे हो. आणि तुम्ही?"

"नणंदेसाठी चौकशी करायला आले."

"तुमचे मिस्टर तर एकुलते एक ना?"

"चुलत नणंद. आपल्या घरात कुठलं हो असलं काही!"

"छे छे! तिसऱ्या मजल्यावरच्या सामंतांच्या सुनेचं कळलं ना? डोक्याच्या गोळ्या घेते."

"म्हणून तर यंदा तिला हळदीकुंकवाला बोलावलं नाही."

"मीपण नाही. आपल्या मुलींची लग्नं व्हायचीयत अजून."

आतून कंपाउंडर ओरडला, "नंबर सात, सुनंदा परुळेकर!"

परुळेकरवहिनी जागच्या हलल्या नाहीत. गवाणकरवहिनी पर्स सावरत उठल्या.

"अहो वहिनी, ते नाव माझं आहे."

"सकाळीच येऊन केसपेपर काढून गेले होते, तेव्हा घाईत तेच तोंडात आलं. कुणाला बोलू नका हं."

"नाही बोलत. पण आत फार वेळ लावू नका. आठव्या नंबरावर मी तुमचं नाव दिलंय, आणि शांता गवाणकरला चार रात्री झोप नाही."