सुपरहीरो पोरगी आणि पुलावरचा गंज

अगं, आमच्या ह्यांना कोणी कशाबद्दल मत विचारू नये, एवढंच सांगते. रेल्वेत पुलांची देखभाल करणारा इंजिनीअर माणूस, ठाऊक आहे ना तुला!

रविवारी आमच्या जुईच्या तीन हिंदी बोलणाऱ्या मैत्रिणी इथल्याच निशातगंज मोहल्ल्यातून आल्या होत्या. त्या सुपरहीरो पोरीच्या मालिकेचा नवा सीझन नुकताच संपलेला, आणि घरात नुसती भांडणं. शेवटच्या भागात ती पोरगी पुलावरून कोसळणारी ट्रेन दोन्ही हातांनी धरते आणि त्यात तिची सगळी शक्ती जाते. दोघी ते बघून ढसाढसा रडलेल्या. जुई आणि तिसरी म्हणत होत्या, अख्ख्या सीझनची माती केली. पोह्यांच्या बशा तशाच पडल्या होत्या. प्रकरण अबोल्यावर आलं, तेव्हा जुई म्हणाली, "बाबा, आपने भी तो देखा है. आप ही बताइए."

ह्यांनी पेपर खाली ठेवला. "बकवास."

जुईने मैत्रिणीला टाळी दिली.

"त्या पुलावरचा गंज बघितलास का? वेळेवर कॉशन ऑर्डर काढली असती, तर ड्रायव्हरने गाडी हळू नेली असती. त्या बिचारीवर ही वेळच आली नसती!"

जुईचा चेहरा लालेलाल. "बाबा, एक लड़की हवा में उड़ रही है. उसमें आपको कुछ ग़लत नहीं लगा?"

ह्यांनी शांतपणे पेपर उचलला.

"ते आमच्या डिपार्टमेंटकडे येत नाही."